आणखी एक पोर्टल नको. सूची उघडा.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. जुन्या शहरात ज्याचं घर आहे, आणि कागदावर अजून आजोबाचंच नाव आहे, त्याने तरी शेवटपर्यंत वाचावी.

दर दोन-तीन वर्षांनी आपल्याला एक नवीन पोर्टल मिळतं. बटण दाबून उद्घाटन होतं, फोटो येतो, पेपरात "आता घरबसल्या" असं छापून येतं. अन् महिनाभराने आपण पुन्हा नदी ओलांडून कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे. माझं म्हणणं असं आहे की जमिनीच्या आणि घराच्या नोंदींसाठी महाराष्ट्राला यापुढे एकही नवं सॉफ्टवेअर नको. आहेत ती पुष्कळ झाली, त्यातली काही चांगलीही आहेत. पाहिजे ते एवढंच की या सगळ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी एकाच किल्लीने आणि एकाच पद्धतीने विचारता याव्यात. ती पद्धत सरकारने लेखी जाहीर करावी आणि सगळ्या खात्यांना बंधनकारक करावी. बस.

ऐकायला हे कॉम्प्युटरवाल्यांचं प्रकरण वाटतं. पण यात तुमच्या घराची मालकी अडकलेली आहे.

"इंडेक्स टू" हा शब्द आपल्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही माहीत आहे. घर घेतलं, प्लॉट घेतला, की "इंडेक्स टू निघाली का?" असं विचारतात. हे टू आलं कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये चार सूच्या सांगितल्या आहेत. पहिलीत दस्त करून देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांची नावं. दुसरीत मिळकतीचं वर्णन. म्हणजे माणसाकडून मिळकतीकडे जायचं असेल तर सूची १, मिळकतीकडून माणसाकडे जायचं असेल तर सूची २. तिसरी आणि चौथी इतर पुस्तकांसाठी. आणि कलम ५७ म्हणतं की पुस्तक १, पुस्तक २ आणि पुस्तक १ च्या सूच्या फी भरणाऱ्या कोणत्याही माणसाला पाहू द्यायच्या. कोणत्याही. तुम्ही मालक आहात का, भाडेकरू आहात का, की नुसते चौकशी करताय, हे विचारायचा अधिकार कारकुनाला नाही.

यातली गंमत बघा. इंग्रजाच्या कारकुनाने शाईने भरलेली ही सूची कोणत्याही जिल्ह्यात गेलात तरी एकाच घाटाची. एका ठिकाणी शोधायला शिकलेला दस्तलेखक दुसऱ्या गावच्या ऑफिसातही शोधू शकत होता. रकाने तेच, क्रम तोच. हस्ताक्षर तेवढं वेगळं.

शेतीच्या कागदांचंही तेच. आपलं वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, इथे १९५४ चा मध्य प्रदेशचा महसूल कायदा चालायचा. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्यात निजामाचा १३१७ फसलीचा. तीन मुलखांचे तीन कायदे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये झाला, १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला आणि तिन्ही मुलखांना एकाच कायद्याखाली आणलं. आज कोल्हापूरचा माणूस अकोटचा सातबारा वाचू शकतो तो त्यामुळे. तेव्हा कोणी "प्रत्येक विभागाची गरज वेगळी असते" असं म्हणत बसलं नाही. ठरवलं अन् केलं. कागदावर जमलेली ही गोष्ट कॉम्प्युटर आल्यावर बिघडली.

कशी बिघडली, ते जुन्या शहरातल्या एका घराच्या उदाहरणाने पाहू. घर कल्पनेतलं आहे, नंबर खरे आहेत तसेच.

भूमी अभिलेखच्या कार्यालयात हे घर "नझूल शीट अमुक, प्लॉट तमुक" आहे. तिथे आखीव पत्रिका मिळते. पुण्या-मुंबईचे लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात अन् सिटीएस नंबर विचारतात. आपण शीट-प्लॉट सांगितला की फोनवरचा बँकवाला गोंधळतो. रजिस्ट्री ऑफिसात हेच घर दस्त क्रमांकाने आणि सूची २ मधल्या वर्णनाने आहे, अन् ते वर्णन त्या दिवशी दस्तलेखकाला जे सुचलं ते. कोणी "नझूल प्लॉट नं." लिहितो, कोणी "घर नंबर", कोणी नुसती चतुःसीमा: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस बोळ, उत्तरेस अमक्याचं घर. तो अमका मरून तीस वर्षं झाली, त्याचं घर विकलं गेलं, बोळ बुजला. महापालिकेत हेच घर मालमत्ता क्रमांकाने आहे. महापालिका १ ऑक्टोबर २००१ ला झाली, त्याआधी नगरपालिका होती. जुन्या पावत्यांवर वॉर्ड अन् घर नंबर, नव्या पावत्यांवर दुसरंच. वीजमंडळाचा बारा आकडी ग्राहक क्रमांक वेगळा. आणि खरं सांगायचं तर हे घर कोणाचं, याचा पुरावा म्हणून आपल्या गल्लीत लाइट बिलच दाखवतात.

घर गहाण असेल तर? बँकेकडे मूळ कागद ठेवून कर्ज घेतलं की त्याची नोटीस नोंदणी खात्याकडे दाखल होते, शिवाय केंद्राच्या सेरसाई नावाच्या २०११ पासूनच्या नोंदवहीत जाते. दावा चालू असेल तर तो कोर्टाच्या संगणकात. तिथे मात्र मानायला पाहिजे: प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक आहे आणि देशातल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयाचं प्रकरण त्या एका नंबराने निघतं. पण तुम्हाला नंबर माहीत असेल तर. नाहीतर पक्षकाराच्या नावाने शोधा. "या प्लॉटवर दावा आहे का?" असं प्लॉटचा नंबर टाकून विचारायची सोय नाही.

म्हणजे एक घर, सहा-सात नोंदवह्या, सहा-सात किल्ल्या. यातल्या कोणत्याही दोन वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा एकच दुवा आहे: तुम्ही. हातात पिशवी घेऊन, एका खिडकीवरून दुसरीकडे जाणारे तुम्ही.

हद्दवाढीत २०१६ ला जी आजूबाजूची गावं शहरात आली त्यांचं तर आणखी निराळं. तिथे घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे. लोक तो घेऊन येतात अन् समोरचा म्हणतो, "आठ-अ आणा." नमुना ८ ग्रामपंचायतीचा, घरपट्टीचा. आठ-अ महसूलचा, खातेदाराच्या शेतीचा. आकडा तोच, खातं वेगळं, अर्थ वेगळा. एका म्हाताऱ्या माणसाला यासाठी दोनदा परत जाताना मी पाहिलं आहे. तो माणूस म्हणाला, "आठ तं आठच राह्यते ना भाऊ, अजून किती आठ आहेत तुमच्याकडं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता म्हणाल, पण ऑनलाइन तर आहे की. आहे. नोंदणी खात्याची ई-सर्च आहे, फुकट आहे, आणि ती चालू केली याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण वापरून पाहा. वर्ष निवडा, जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, मिळकत क्रमांक टाका, वाकडीतिकडी अक्षरं वाचून भरा. एका वर्षाचं उत्तर आलं. बँकेला शोध पाहिजे तीस वर्षांचा. म्हणजे पुढचं वर्ष, पुन्हा तीच कवायत. आणि मिळकत क्रमांकात तुम्ही "१२/१" टाकलं अन् दस्तात "१२-१" किंवा "प्लॉट नं. १२ पैकी" असेल, तर मशीन सरळ "नोंद नाही" म्हणेल. मशीनच्या "नोंद नाही" चा अर्थ "व्यवहार नाही" असा होत नाही. "मला सापडलं नाही" एवढाच होतो. पण माणूस इसार देऊन मोकळा होतो, अन् सहा महिन्यांनी कळतं की तोच प्लॉट आधीच दुसऱ्याला विकलेला आहे. आयुष्याची कमाई एका तिरप्या रेघेच्या मागे जाते.

नावाने शोधायचं तर आणखी वांधे. आपल्या जुन्या शहरातल्या नावांचा विचार करा. एकाच माणसाचं नाव एका दस्तात "मोहम्मद", दुसऱ्यात "महंमद", तिसऱ्यात "मो.". "शेख" चं "शे.". "अब्दुल" चं "अ.". हिंदूंकडे रामा, रामभाऊ, रामराव, रामचंद्र हे चौघं एकच किंवा चौघं वेगळे, काहीही असू शकतं. लग्नानंतर बायकांचं अख्खं नाव बदलतं. वर कॉम्प्युटरच्या आतल्या गोष्टी. "ॲड." हा शब्द स्क्रीनवर एकसारखा दिसतो पण आत दोन-तीन तऱ्हांनी साठवता येतो. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ ला मिळाली, त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळे शब्द. म्हणून नाव ही किल्ली होऊ शकत नाही. फार तर मदतीला असू शकते, तीही सगळी स्पेलिंगं एकत्र आणणारा नियम ठरवला तर. किल्ली नंबरच पाहिजे.

नंबर दिला आहे, असं सरकार म्हणतं. केंद्राने जमिनीच्या तुकड्याला चौदा अक्षरांचा भू-आधार काढला. आपल्या राज्याने २०२२ मध्ये सातबारावर अन् मिळकत पत्रिकेवर अकरा आकडी नंबर आणि क्यूआर कोड द्यायचं ठरवलं. "अद्वितीय" क्रमांक, आणि तो दोन लांब्यांचा! चला, तेही जाऊ द्या. नंबर छापला हे चांगलंच झालं. पण मला सांगा, तो नंबर घेऊन मी महापालिकेच्या खिडकीवर गेलो तर त्याचं काय करतील? बँकेत? कोर्टात? वहीत तो रकानाच नसेल तर नंबर काय कामाचा? किल्ली करून दिली, पण सात कुलपांपैकी एकाच कुलपाला ती बसते.

हा पेच नवा नाही. कॉम्प्युटरच्या जगात तो साठ वर्षांचा जुना आहे आणि त्यावर उत्तरही निघालेलं आहे, म्हणून थोडं मागे जातो. कंटाळू नका.

साठच्या दशकात आयबीएमने आपल्या मोठ्या मशिनींसाठी फायलीला सूची जोडायची पद्धत आणली. तिला आयसॅम म्हणत. लाख नोंदींची फाइल पहिल्या ओळीपासून वाचत बसायचं नाही. बाजूला सूची ठेवायची, सूचीत किल्ली, किल्लीसमोर नोंदीची जागा. रजिस्ट्रारच्या इंडेक्ससारखंच. मग ज्याने त्याने आपापलं आयसॅम काढलं. काम तेच, विचारायची भाषा वेगळी. एका कंपनीच्या मशिनीसाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम दुसरीवर चालेना. गिऱ्हाईक अडकलं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. फॉक्सप्रोच्या काळात मी बाजारातल्या अडतीच्या अन् किराण्याच्या दुकानांचे हिशेब बसवून दिले आहेत. फाइल सगळ्यांची डीबीएफ. पण सूची? डीबेसची एनडीएक्स, क्लिपरची एनटीएक्स, फॉक्सप्रोची सीडीएक्स. क्लिपरमधल्या दुकानदाराला फॉक्सप्रोवर आणायचं तर गिऱ्हाइकांची यादी जशीच्या तशी उघडायची, पण सूची त्याला कळायचीच नाही. नव्याने बांधा. माहिती तीच, दुकान तेच, मालक तोच, फक्त शोधायची वाट बंद. आज सरकारी खात्यांत जे चाललं आहे ते मला म्हणूनच ओळखीचं वाटतं.

उत्तर कसं निघालं? कोबोल या भाषेच्या १९७४ च्या प्रमाणात सूचीवाल्या फायली वाचायची वाक्यं एकसारखी ठरवून दिली. पुढे १९८४ ला युरोपातल्या काही कंपन्यांनी एक्स/ओपन नावाचा गट केला आणि आपल्या मार्गदर्शिकेत आयसॅमचा एक ठरीव नमुना घातला. हे एकमेकांचे स्पर्धक होते बरं का. त्यांनी एकच मशीन बनवलं नाही, एकच सॉफ्टवेअरही बनवलं नाही. फाइल आत कशी ठेवायची ते ज्याचं त्याने बघावं. बाहेरून विचारायची पद्धत तेवढी सगळ्यांची एक. आणि ते प्रश्न किती? मोजके. फाइल उघड. या किल्लीवर जा. ही नोंद वाच. पुढची वाच. मागची वाच. नवी लिही, आहे ती बदल, काढून टाक. मी लिहीत असेपर्यंत कुलूप लाव, झालं की काढ. एवढ्यावर जगातल्या किती बँका अन् विमा कंपन्या चालल्या.

हेच आपल्याकडे यूपीआयने केलं. टपरीवर पैसे देताना तुमचं ॲप कोणतं अन् त्याची बँक कोणती हे कोणी विचारत नाही. २०१६ ला सगळ्या बँकांनी आपलं सॉफ्टवेअर फेकून एकच घेतलं का? नाही. दार एकसारखं केलं.

मग जमिनीच्या नोंदींना हे का होत नाही? जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यात. नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय पुण्यात. दोन्ही महसूल विभागाच्याच हाताखाली. महापालिका नगरविकासकडे, ग्रामपंचायत ग्रामविकासकडे, एवढाच काय तो फरक. हे चार साहेब एका टेबलाशी बसवायला जपानहून कर्ज आणावं लागत नाही.

अर्धवट काम झालं आहे, ते लपवत नाही. शेतजमिनीची खरेदी झाली की नोंदणीच्या आय-सरिता प्रणालीकडून ई-फेरफारकडे वर्दी जाते आणि तलाठ्याकडे फेरफार सुरू होतो. नोंदणी अधिकाऱ्याने वर्दी द्यावी असं महसूल कायद्याच्या कलम १५४ मध्ये होतंच, ते आता मशीन करतं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला, पंधरा रुपयांत मिळतो, तलाठ्याला शोधत फिरावं लागत नाही. उत्तम झालं. पण हे दोन सॉफ्टवेअरमधलं खाजगी भुयार आहे. तिसरं आलं की तिसरं भुयार खणायचं, चौथं आलं की आणखी. सात वह्या एकमेकींना अशा जोडायच्या तर एकवीस भुयारं लागतात, गणित करून पाहा. एक ठरीव दार असलं तर प्रत्येकाने आपल्या घराला एक दार बसवायचं, म्हणजे सात. शाळेतल्या पोराला कळेल असा हिशेब आहे.

काही जण म्हणतील, त्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच मोठं सॉफ्टवेअर करू, कटकटच नको. नको बाप्पा. एकच मोठं म्हणजे एकच ठेकेदार, आणि ते बंद पडलं की अख्खा महाराष्ट्र बंद. २०१७ ची कर्जमाफी आठवते? दीड लाखापर्यंतची, शिवाजी महाराजांच्या नावाची. बँकांकडून सहासष्ट कॉलमांची माहिती मागवली, शेतकऱ्यांना सेतू केंद्रासमोर रात्री-अपरात्री रांगेत उभं करून ऑनलाइन अर्ज भरून घेतले, अन् वर बसून दोन्ही जुळवायला गेले. जुळेना. बँकेचं नाव एक, अर्जावरचं दुसरं. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली, अन् मागून याद्याच चुकीच्या निघाल्या. वऱ्हाडातल्या ज्या माणसांनी तेव्हा रांगा लावल्या त्यांना मी नव्याने काय सांगू. उलट डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेल्या फुले कर्जमुक्तीत अर्जच ठेवला नाही. बँकेच्या नोंदीला आधारची किल्ली लावली, यादी लावली, शेतकऱ्याने अंगठा देऊन खात्री केली. त्या योजनेच्याही तक्रारी आहेत, दोन लाखांच्या वरचे लोक राहिले. पण जुळवणीचा तो तमाशा झाला नाही. बँका त्याच, शेतकरी तेच. फरक किल्लीचा होता.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सगळ्या वह्या एका नंबराने उघडल्या तर कोणीही उठून कोणाचंही घर, कर्ज, भांडण पाहील. खरं आहे. पण याचं उत्तर १९०८ च्याच कायद्यात आहे, आजच्या साहेबांपेक्षा ते लोक जास्त विचार करून गेले. मिळकतीचं पुस्तक १ अन् त्याच्या सूच्या सगळ्यांना खुल्या. मृत्युपत्रांचं पुस्तक ३ नाही. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या मृत्युपत्राची नक्कल इतर कोणाला नाही. पुस्तक ४ मधल्या नकला फक्त त्या दस्ताच्या पक्षकारांना. म्हणजे कोणती वही कोणाला, हे वहीगणिक ठरवता येतं. ठरीव दारालाही तसंच करा. मालकाचं नाव, बोजा आहे की नाही, दावा आहे की नाही, एवढं सगळ्यांना. कर्जाची रक्कम, मोबाइल, आधार कोणालाही नाही. आणि कोणी कधी काय विचारलं याची नोंद मालकाला दिसली पाहिजे. आज काय होतं? सामान्य माणसाला काही दिसत नाही, अन् ज्याची ओळख आहे त्याला सगळं दिसतं. यालाच खाजगीपणा म्हणायचं का?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. या सात वह्यांच्या मधल्या फटींवर बऱ्याच लोकांची घरं चालतात. शोध घेऊन देणारे, "आतून" काम करून देणारे, फाइल सरकवणारे. जे वकील अन् दस्तलेखक मेहनतीने शोध घेतात त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. तीस वर्षांचे कागद वाचून "हे घर घेऊ नका" असं सांगणारा वकील तुमचे लाखो वाचवतो, आणि दार एक झाल्यावरही तो लागणारच आहे, कारण कागद सापडणं वेगळं अन् कागद समजणं वेगळं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे जे नंबर माहीत असण्याचे पैसे घेतात.

आणि या फटीत सगळ्यात जास्त कोण पडतं? बहिणी. बाप गेला, भावांनी वारसाची नोंद एका वहीत केली, दुसऱ्या वहीत केली नाही. हक्कसोड नोंदवली ती सूची २ मध्ये दिसते, आखीव पत्रिकेवर चढवायची राहिली. किंवा उलट, हक्कसोड झालीच नाही अन् घरपट्टीवर भावाचं एकट्याचं नाव लागलं, त्या पावतीवर पुढे सौदा झाला. घरपट्टी मालकीचा पुरावा नाही हे कोर्टं सांगून थकली. पण बहिणीला तिच्या सासरी बसून, तिच्या फोनवर, "माझ्या माहेरच्या घरावर आज कोणत्या वहीत कोणाचं नाव आहे" हे एका प्रश्नात कळलं असतं तर तो सौदा त्याच दिवशी अडला असता. आज तिला कळतं घर पाडायला जेसीबी आल्यावर.

सरकारने काय करावं ते वर लिहिलंच आहे: भू-आधार प्रत्येक वहीत सक्तीचा रकाना, पाच-सात ठरीव प्रश्न, प्रत्येक खात्याने त्यांची उत्तरं एकाच साच्यात द्यायची, आणि तो साचा जाहीर छापायचा, म्हणजे उद्या कोणतंही पोरगं त्यावर ॲप बनवू शकेल. यापुढे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या निविदेत ही अट नसेल तर ती निविदा निघूच नये. शहरासाठी स्वतंत्र तारीख द्या, कारण शेतीचं पुढे जातं अन् शहराचं मागे राहतं. गावठाणांचं स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने मोजमाप सुरू झालं. जुन्या शहरातल्या बोळांचं कधी?

मुंबईकडून हे व्हायला वेळ लागेल. पण अकोल्यात एक गोष्ट वेगळा कायदा न करता होऊ शकते. महापालिकेने घरपट्टीच्या देयकावर मालमत्ता क्रमांकाच्या शेजारी शीट आणि प्लॉट नंबरचा रकाना ठेवावा, आणि नागरिकाने आखीव पत्रिका दाखवली की तो भरून घ्यावा. दस्तलेखकांनी नवीन दस्तात हे दोन्ही नंबर लिहायची सवय लावून घ्यावी, आकड्याने आणि एकाच पद्धतीने, "पैकी" अन् "लगत" च्या जंगलात न लपवता. खर्च जवळपास शून्य. दोन वह्यांची ओळख तरी होईल.

आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, ही एक मागणी लेखी द्या. मी माझ्या भागातून अर्ज तयार करतो आहे, नमुना कोणाला पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो. दरम्यान घरातली कागदपत्रांची पिशवी काढा. आखीव पत्रिकेवरचा शीट-प्लॉट, सूची २ चा दस्त क्रमांक अन् वर्ष, घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक, अकरा आकडी नंबर आला असेल तर तो, आणि प्रत्येक कागदावर नाव कसं लिहिलं आहे ते अक्षर न अक्षर, असं सगळं एका पानावर लिहा. त्याच्या तीन झेरॉक्स काढा. एक स्वतःजवळ ठेवा, एक पोराला द्या, अन् एक बहिणीला.